पूरग्रस्त शाळेत, माईक तुमच्या हातात

पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकाताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या वस्त्यांमधली कुटुंबं माझ्या प्रभागातल्या महापालिकेच्या शाळेत आणतात. पालक विचारतात, आमच्या मुलांची शाळा बंद का? शेजारच्या सोसायट्या म्हणतात, पाणी कमी येतंय, रात्री गोंगाट असतो, चोऱ्या वाढतील. अधिकारी सांगतात, ‘सगळं सुरळीत आहे’ एवढंच बोला. अडचणी उघड बोलाव्यात का? बोलल्या तर त्या बिचाऱ्या लोकांवरच राग निघणार नाही का? आणि लोक परत गेल्यावर काय बोलायचं?

माझी नोकरी महापालिकेत गेली, आधी आपत्तीच्या कामात आणि नंतर जनसंपर्काच्या टेबलावर. आता वॉर्डातल्या अधिकाऱ्यांना याच विषयावर शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ताई, अडचणी बोलायच्याच. आणि तुम्हीच आधी बोलायच्या, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कोरड्या नळाचा फोटो टाकायच्या आत. ‘सगळं सुरळीत आहे’ हे वाक्य पुण्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. गेटवर टँकर उभा आहे, दोन मोऱ्यांसमोर रांग आहे, तिसरीतल्या मुलाच्या आईला सकाळी सातला ‘आज शाळा नाही’ असा मेसेज आलाय. लोकांना डोळ्यांनी दिसतंय तेच तुम्ही नाकारलंत, तर उद्या तुम्ही खरं बोललात तरी कुणी ऐकणार नाही.

तुमची भीती मात्र रास्त आहे. राग त्या लोकांवर निघू शकतो. पण अडचण सांगितली म्हणून तो निघत नाही. ती कुणाच्या खात्यावर मांडली, त्यावर ते ठरतं. आणि आपल्याकडची प्रेसनोट ती सर्रास चुकीच्या खात्यावर मांडते. हा मासला बघा: ‘पूरग्रस्तांच्या स्थलांतरामुळे शाळा बंद ठेवण्यात आल्या असून परिसरातील पाणीपुरवठ्यावर ताण आला आहे.’ यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात आरोपी उभा राहतो तो पूरग्रस्त. शाळा बंद ठेवण्याचा निर्णय कुणी घेतला, दुसरी जागा का नव्हती, पाण्याचं काय केलं, याचा त्यात पत्ताच नाही.

तीच गोष्ट अशी सांगता येते: ‘नदीकाठची 62 कुटुंबं आपण काल रात्री या शाळेत आणली. ही शाळा निवडली कारण ती उंचावर आहे आणि तिला संडास जास्त आहेत. त्यासाठी पहिली ते चौथीचे वर्ग बंद ठेवायचा निर्णय महापालिकेचा आहे. सोमवारपासून ते वर्ग पलीकडच्या शाळेत दुपारच्या वेळी भरतील. शाळेला आजपासून टँकरचं पाणी आहे, त्यामुळे सोसायट्यांच्या लाइनवरचं पाणी शाळेसाठी घेतलं जाणार नाही. तरीही पाणी कमी आलं तर अमुक नंबरवर सांगा. पुढची माहिती आज संध्याकाळी सहाला.’ आकडे उदाहरणादाखल आहेत, मांडणी बघा. अडचण तेवढीच आहे, लपवलेलं काही नाही, पण निर्णय कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हे स्वच्छ आहे. कुणाला चिडायचं असेल तर महापालिकेवर चिडेल, आणि त्यासाठी तर आपण आहोत.

दुसरी बाजू फार कमी वेळा लक्षात घेतली जाते. तुमचं प्रत्येक वाक्य शाळेच्या आतही ऐकू जातं. वर्गात सतरंजीवर बसलेल्या माणसाकडेही मोबाइल आहे, तोही या शहरात कर भरतो, बहुधा मतदानही करतो. पत्रकारांपुढे तुम्ही ‘यांची सोय करताना यंत्रणेची दमछाक होते आहे’ म्हणालात की दहा मिनिटांत तो व्हिडिओ तिसऱ्या वर्गात फिरतो. मग काय होतं? माणसं तक्रार करायची थांबतात. ताप आलेलं पोर दाखवत नाहीत, बंद पडलेला संडास सांगत नाहीत, आणि पाऊस जरा उघडला की चिखलात, ओल्या भिंतींच्या घरात परत जातात. पुढच्या वेळी पोलीस उठवायला आले तर उठतच नाहीत. म्हणजे बाहेरच्यांना खूश करायला बोललेलं एक वाक्य पुढच्या पुरात बोटीच्या एका जादा फेरीला कारण होतं. म्हणून नियम असा ठेवा: जे पत्रकारांना सांगणार ते आधी शाळेच्या मैदानात, त्याच लोकांसमोर सांगायचं. त्यांच्यासमोर जे बोलता येणार नाही ते कॅमेऱ्यासमोरही बोलायचं नाही. यात पाच मिनिटं जास्त जातात, एवढंच.

आता रात्रीच्या गोंगाटाचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातली ही तक्रार मी जवळपास प्रत्येक निवाऱ्याबाहेर ऐकली आहे. सोसायटीच्या गॅलरीतून दिसतं ते असं: रात्री दीड वाजता शाळेचं गेट करकरतं, पाच-सहा पुरुष बाहेर पडतात, मोटारसायकली सुरू होतात, साडेतीनला परत येतात. गॅलरीतल्या माणसाच्या डोक्यात काय येणार ते सांगायला नको. आत जाऊन विचारलं की कळतं, ही माणसं घरावर पहारा द्यायला जातात. घराला कुलूप आहे, पण दाराची फळी पाण्याने फुगलीय. आत गॅसची टाकी आहे, टीव्ही माळ्यावर चढवलाय, कागदपत्रांची पत्र्याची पेटी कपाटावर ठेवलीय. शिवाय धास्ती ही की तलाठी नाहीतर महापालिकेचा माणूस पंचनाम्याला आला आणि दारात कुणी नसलं तर नाव राहून जाईल. ही धास्ती खोटी नाही, कारण पंचनाम्यावरच सगळी मदत अवलंबून असते.

यावर तोडगा भाषणात नाही, कामात आहे, आणि भाषण त्या कामाचं करायचं. पोलीस ठाण्याला सांगून रिकाम्या वस्तीत रात्रीची गस्त लावा. पंचनामे कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीपासून सुरू होणार ते शाळेच्या फळ्यावर लिहा, आणि त्या वेळी प्रत्येक घरातल्या एकाला नेऊन आणायची गाडी लावा. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा, ‘रात्री जे लोक बाहेर पडतात ते आपापली घरं बघायला जातात. आजपासून तिथे पोलिसांची गस्त आहे, त्यामुळे जाणं-येणं कमी होईल.’ यात लोकांना शिस्तीचं आवाहन नाही की शेजाऱ्यांना माणुसकीचे धडे नाहीत. गोंगाटाचं कारण सांगितलंय आणि त्यावर काय केलं ते सांगितलंय. सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत कुठल्याही पुणेकराला उपदेश आवडत नाही. कारण सांगितलं तर मात्र तो ऐकतो, भले दोन उपप्रश्न विचारून.

चोरीच्या अफवेवर तुम्ही स्वतः बोलू नका. ते काम ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांचं. गेल्या आठवड्यात या हद्दीत किती तक्रारी आल्या, त्याआधीच्या आठवड्यात किती, एवढं त्यांनी सांगावं. वाढ झाली असेल तर तीही सांगावी. 2005 मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सची माणसं शेजारच्या शहरांत गेली, तेव्हा बॅटन रूजमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच दंगल आणि लुटालुटीच्या अफवा उठल्या. त्यातल्या जवळपास सगळ्या पोकळ निघाल्या, पण तोवर गावाचं मन कलुषित झालं होतं. ह्यूस्टनने लाखाच्या वर माणसं सामावून घेतली. पुढच्या वर्षभरात तिथे खून वाढले आणि बोट सरसकट आलेल्यांकडे गेलं. नंतर झालेल्या अभ्यासात खून आणि जबरी चोरीत थोडी वाढ दिसली, बाकी गुन्ह्यांत तसं काही आढळलं नाही. म्हणजे ‘गुन्हे वाढलेच नाहीत’ असं छातीठोक सांगणारा नेताही उघडा पडला असता आणि ‘शहर असुरक्षित झालं’ म्हणणाराही. म्हणून आकडे, तेही ठाण्याचे, तेही आठवड्याच्या आठवड्याला.

अफवा पसरवणाऱ्याला पहिल्याच वाक्यात गुन्ह्याची धमकी देणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 मध्ये खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हे खरं. पण ‘पाणी दूषित झालंय म्हणे, खरं का?’ असं ग्रुपवर विचारणाऱ्या आजोबांना हे कलम ऐकवलंत तर पुढची शंका ते तुम्हाला विचारणार नाहीत, दुसऱ्या कुणालातरी विचारतील.

आता जागेचा हिशेब. नेतेमंडळी इथे हमखास घसरतात. उत्साहात ‘कितीही लोक आले तरी पुणे सामावून घेईल’ असं बोलून जातात. कितीही म्हणजे किती? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये मदतीचे किमान निकष काढले. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, 30 माणसांमागे एक संडास, पिण्यासाठी माणशी रोज किमान तीन लिटर पाणी. आपल्या शाळेतला साधारण वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग घ्या. बाकं बाहेर काढली तरी निकषाने त्यात तेरा माणसं बसतात. प्रत्यक्षात आपण तीस-पस्तीस घालतो. बारा वर्गांच्या शाळेची क्षमता दीडशेच्या आसपास, आणि मुलांसाठी बांधलेल्या शाळेत अंघोळीची जागा मुळातच नसते. हा हिशेब पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात, प्रभागातल्या लोकांसमोर मांडा. ‘या शाळेत दीडशे, त्या मंगल कार्यालयात दोनशे, त्यापुढे आपल्या प्रभागात जागा नाही, मग शेजारच्या प्रभागात.’ हे आधी सांगितलं की दीडशेएकावा माणूस आला तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, तर तो निर्दयपणा ठरत नाही.

ह्यूस्टनला याचाच फटका बसला. अ‍ॅस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये सुमारे 25 हजार जणांची सोय होईल असं जाहीर झालं होतं. पहिल्याच रात्री अग्निशमन अधिकाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास माणसं आल्यावर दार बंद केलं, आणि दिवसभर बसमध्ये बसून आलेली माणसं बाहेर ताटकळली. शेजारच्या प्रदर्शनाच्या इमारती उघडून शहराने ते निभावलं. तिथल्या महापौरांचं आणि परगण्याच्या प्रमुखांचं एक मात्र घेण्यासारखं आहे. दोघे वेगवेगळ्या पक्षांकडे झुकणारे, तरी रोज एकत्र उभे राहून बोलले, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत स्टेडियम रिकामं करून माणसांना भाड्याच्या घरांत हलवायचं कामही एकत्रच केलं.

आपल्याकडे बोलायला किती जण असतात ते बघा. धरणातून पाणी सोडणार पाटबंधारे खातं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, निवारा चालवणार महापालिका आयुक्त, बंदोबस्त पोलिसांचा, शिवाय पालकमंत्री, खासदार, आमदार आणि तुम्ही नगरसेवक. प्रत्येकाकडे एक आकडा आणि एक माईक. 25 जुलै 2024 च्या पहाटे काय झालं ते सिंहगड रोडच्या एकतानगरीतल्या माणसांना विचारा. खडकवासल्यातला विसर्ग 35 हजार क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) वर गेला, तळमजले पाण्यात गेले, आणि आम्हाला वेळेवर कुणी सांगितलंच नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्यानंतर कुणी कुणाला काय कळवलं होतं यावर खात्याखात्यांत जुंपली. त्या वेळी महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. गल्लीत ओळखीचा चेहरा नव्हता, हे त्या गोंधळातलं एक मोठं कारण असं माझं मत आहे. आता तुम्ही आहात, पण म्हणून तुम्ही वेगळा आकडा सांगू नका. किती लोक, कुठे, किती दिवस हे फक्त महापालिकेच्या एका अधिकाऱ्याने सांगायचं, ठरलेल्या वेळी. तुम्ही तेच आकडे घेऊन आपल्या गल्लीत न्यायचे आणि गल्लीतले प्रश्न वर पोहोचवायचे. नगरसेवकाने रंगमंच घेण्यापेक्षा निरोप्या व्हावं, असं म्हटलं की काहींना राग येतो. येऊ दे.

सांगताना भाषाही लोकांची वापरा. क्युसेकचा आकडा जरूर सांगा, पण पुणेकराला पुराचा अंदाज येतो तो ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ यावरून. पाण्याची पातळी तुमच्या प्रभागातल्या ओळखीच्या खुणेला जोडून सांगा, कुठला घाट, कुठल्या देवळाची पायरी, कुठल्या सोसायटीचं पार्किंग.

आणि ही माणसं शाळेत का आली आहेत, तेही सांगा. हे कुणीच सांगत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही चार धरणं मिळून साठा 29 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) घरात. ती भरली की शहरभर आनंद, वर्षाच्या पाण्याची चिंता मिटली म्हणून. भरलेलं धरण सांभाळायचं तर पाणी खाली सोडावंच लागतं, आणि ते नदीकाठच्या घरांत शिरतं. ज्या सोसायटीचे नळ पुढच्या मेपर्यंत त्या साठ्यावर चालणार आहेत, तिच्या शेजारच्या शाळेत त्या पाण्याने उठवलेली माणसं चार दिवस राहताहेत. हे भावनिक आवाहन म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. ‘नदीपात्रात घरं बांधलीच कशाला’ असं उत्तर येईलच. त्यात तथ्य असेल तिथे मान्य करा, आणि त्याच सुरात पात्रात भराव घालून उभ्या राहिलेल्या इमारतींचाही विषय काढा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आणि आसपासच्या ओढ्यांना आलेल्या पुराने वीसहून अधिक जीव घेतले, त्यात टांगेवाला कॉलनीतली माणसं होती, आणि त्याच रात्री मध्यमवर्गी सोसायट्यांच्या भिंतीही कोसळल्या. पाण्याने मिळकतपत्र तपासलं नव्हतं.

तारखेचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पालकांना हवी असते शाळा सुरू व्हायची तारीख, आतल्यांना हवी असते घरी जायची. दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्याकडे नसतं. अशा वेळी ‘लवकरात लवकर’ म्हणू नका, कारण तो शब्द सरकारी कागदावर फार झिजलाय. शाळा सुरू होणं कशावर अवलंबून आहे ते सांगा: विसर्ग अमुकच्या खाली आला, वस्तीतला चिखल काढला, महावितरणने मीटर तपासले, की लोक परततील. त्यातलं आज काय झालं आणि काय राहिलं, ते रोज सहाला सांगा. मीटरचं हे कारण किरकोळ वाटेल, पण 25 जुलै 2024 लाच पुलाची वाडी भागात विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. ओल्या वस्तीत घाईने माणसं परत धाडायची नाहीत, हे पालकांना सांगताना हे उदाहरण पुरेसं आहे.

तात्पुरतं हा शब्दही जपून वापरा, कारण पुण्याला त्याचा जुना अनुभव आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि हजारो कुटुंबं शाळांत, ओळखीपाळखीच्या वाड्यांत, मिळेल तिथे राहिली. मग आल्या अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हट, मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांतल्या वसाहती. सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाचं काम आलं आणि ते झपाट्याने झालं, असं जुने लोक आजही सांगतात. पण पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे पन्नासहून अधिक वर्षं रेंगाळला. तेव्हा ‘काही दिवसांचा प्रश्न आहे’ असं कुणी म्हटलं की गोखलेनगरमधला म्हातारा गालातल्या गालात हसतो. त्या हसण्याची आठवण ठेवून बोला. काही कुटुंबांची घरं राहण्यालायक उरलेली नाहीत हे चौथ्या दिवशी कळलं, तर पाचव्या दिवशी ते सांगा, त्यांची पुढची सोय कुठे चालू आहे तेही सांगा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ताणून मग बातमी फुटू देऊ नका.

पैशाचं विचारतील. ‘आमच्या टॅक्समधून?’ याला सरळ उत्तर आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25 टक्के. निवारा, जेवण, औषधं यांचा निकषात बसणारा खर्च त्यातून मागता येतो. न बसणारा महापालिकेला सोसावा लागतो. दोन्ही आकडे आठवड्याने मांडा. राज्याकडे जादा पैसे मागायचे असतील तर पत्रात मागा आणि पत्र जाहीर करा, पण मागणी करताना शाळेतल्या गर्दीचे फोटो पुरावा म्हणून वापरू नका.

फोटोंवरून आठवलं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात चार लाखांहून जास्त माणसं हलवावी लागली. तेव्हा मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले म्हणून राज्यभर छी-थू झाली. एवढं होऊनही पहिल्या दिवशी शाळेच्या गेटवर फ्लेक्स लावायची खाज काही जात नाही. तुमच्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवा: गेटवर एकच फलक, त्यावर नंबर, वेळा आणि काय हवंय त्याची यादी.

यादी रोजची असावी. ‘सढळ हाताने मदत करा’ म्हटलं की पुणेकर खरंच सढळ हाताने करतात, आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग लागतो. त्यात एका पायाच्या चपला, लग्नातली भरजरी साडी, विटलेले सूट. तो ढीग उपसायला चार माणसं लागतात आणि पाऊस लागला की कुजतो. म्हणून ‘आज हवेत: नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, बादल्या, मग, डासांच्या अगरबत्त्या, चार्जिंगचे बोर्ड. आज नकोत: कपडे, शिजवलेलं अन्न’ असं लिहा. ‘आज नको’ म्हणायला लाजू नका. लोक दुखावत नाहीत, उलट उद्या पुन्हा विचारतात.

आजाराचं एका वाक्यात: निवाऱ्यात जुलाबाचे किंवा तापाचे रुग्ण सापडले तर त्याच दिवशी सांगा, किती, काय उपचार चालू, शेजारच्यांनी काय काळजी घ्यायची, आणि कोणाचंही नाव, जात, वस्ती न सांगता.

सगळ्याच वेळी पुणं अडचणीच मोजत बसलं असं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिकायला पुण्याला आणली, पुढे वाघोलीत त्यांची शाळा-वसतिगृह उभं राहिलं. तिथे पाहुण्यांची सोय म्हणून काम सुरू झालं नाही, मुलांचं शिक्षण म्हणून सुरू झालं. तुमच्या शाळेतही हे लगेच जमतं. निवाऱ्यातली मुलं आणि शाळेतली मुलं यांचे वर्ग दुपारच्या पाळीत एकत्र भरवा. ‘शाळा बंद’ ही बातमी ‘शाळा दुपारी’ अशी होते आणि पालकांचा निम्मा विरोध तिथेच विरतो. मुख्याध्यापिकांशी आधी बोला मात्र. त्यांना पेपरात वाचून कळलं तर त्या कुलपाची किल्लीच देणार नाहीत, आणि मला त्यांचं चूक वाटणार नाही.

राहिला तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, लोक परत गेल्यावर काय बोलायचं. बहुतेक जण काहीच बोलत नाहीत, आणि मग पहिल्या पालकसभेत फुटलेल्या नळांचं खापर गेलेल्या माणसांवर फुटतं. शाळा परत ताब्यात देताना मुख्याध्यापिका, दोन पालक, निवाऱ्यात राहिलेल्यांपैकी दोघं आणि वॉर्डाचा ज्युनिअर इंजिनिअर यांना घेऊन एक फेरी मारा. कोणत्या वर्गाची खिडकी तुटली, कुठला संडास तुंबला, बाकं किती मोडली, दुरुस्ती कुणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे एका कागदावर लिहा. एकूण खर्च किती झाला, किती राज्याकडे मागितला, तेही त्यावर. घरं राहण्यालायक नसल्यामुळे काही कुटुंबं अजून शाळेच्या मागच्या खोल्यांत असतील तर त्यांची संख्या आणि त्यांची सोय कुठे चालू आहे हेही त्याच कागदावर येऊ द्या. एक प्रत गेटवर, एक सोसायट्यांना, एक वस्तीच्या समाजमंदिरात.